निकालाविना मेहनत

कोल्हापूर हे विजयाचा सोहळा मनापासून करणारे शहर आहे. खासबागेत एखादी निकाली कुस्ती ज्याने पाहिली आहे, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकताच चहूबाजूंच्या चढत्या बैठकीवरचा तो अफाट समुदाय एका क्षणात कसा उभा राहतो, हलगीचा ठेका कसा अनावर होतो आणि विजयी मल्लाच्या मस्तकी फेटा चढेपर्यंत आयुष्यात कधी भेट न झालेली माणसे एकमेकांच्या खांद्यावर कशी थापा देतात हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या विधानाचा निराळा पुरावा द्यावा लागणार नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून तशा धर्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असा त्यांनी ध्यास घेतला, आणि १९१२ साली खासबाग कुस्तीसाठी सिद्ध झाले. मधोमध मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या रयतेला कुस्ती दिसते. याच शहरात राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि १९५२ साली मल्ल खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन परतले. पेठापेठांची फुटबॉलमधली ईर्षा शाहू स्टेडियमवर आजही तशीच धगधगते. जिंकणाऱ्याचे कौतुक कसे करावे हे या गावाला कोणी शिकवावयास नको.

अशा गावात, ज्याला जिंकण्याची शक्यता नाही आणि आकांक्षाही नाही, ज्याचे वय पन्नाशीच्या पलीकडे गेले आहे, ज्याला दिवसाचे आठ तास कचेरीत दप्तर सांभाळावयाचे असते आणि ज्याच्या धावण्याची नोंद कोणत्याही सरकारी वा खासगी कागदावर होणार नसते, अशा हौशी माणसाने पहाटेच्या अंधारात बूट चढवून रस्त्यावर का उतरावे, आणि उतरल्यावर पाऊल जड झाले, श्वास विसकटला, मन विटले, तरी पुढे का जात राहावे, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. सुखाच्या धावेविषयी मला येथे लिहावयाचे नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत रंकाळा तलावाच्या कडेने पाय आपोआप उचलले जातात, वारा अंगाला सुखावतो आणि घरी परतल्यावर दिवसभर एक प्रसन्नता पाठीशी राहते, तेव्हा प्रेरणेची चौकशी करण्याचे कारणच पडत नाही. परंतु जो मनुष्य वर्षानुवर्षे धावतो त्याच्या वाट्याला अशा धावा थोड्या येतात. उरलेल्या मध्यम असतात, आणि काही तर पहिल्या पावलापासून अखेरच्या पावलापर्यंत निव्वळ कष्टाच्या असतात. धावणारा म्हणून आपण टिकतो की नाही, याचा फैसला या अखेरच्या वर्गात होतो, असे माझे मत आहे, आणि म्हणून त्यांच्याचविषयी बोलावे असे वाटते.

विद्यापीठाच्या परिसरात किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर उजाडण्यापूर्वी गेलात तर तेथे भरतीची मुले भेटतात. राधानगरी, भुदरगड, करवीर या तालुक्यांतून आलेली, एखाद्या खोलीत चौघे-पाचजण राहणारी, दुपारी अभ्यासिकेत बसणारी ही मुले-मुली पोलीस शिपाई किंवा सैनिक होण्याची आस धरून धावतात. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि किती मिनिटे-सेकंद लागले त्यावर गुण असतात. त्या सेकंदांवर एका शेतकरी कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, हे त्यांच्या मुद्रेवरूनच कळते. त्यांच्या शेजारून जाताना माझ्या मनात आदर दाटून येतो. त्यांची कष्टाची धाव आणि माझी कष्टाची धाव बाहेरून सारखी दिसत असली तरी त्यांच्या पाठीशी गरज उभी आहे, पुढे तारीख आहे, हाती मोजमाप आहे. माझ्यापाशी यांतले काहीच नाही. आज मी अर्ध्यातून परतलो तर कोणाचे काही बिघडणार नाही, कोणी जाब विचारणार नाही, घरी चहा ठरल्या वेळी मिळेल. हौशी माणसाची अडचण येथेच आहे: त्याला मिळालेले स्वातंत्र्य संपूर्ण असते, आणि अवघड चढावर हे स्वातंत्र्यच पायात येते.

कारण अशा वेळी मन वकिली करू लागते, आणि हा वकील मोठा निष्णात असतो. काल रात्री झोप नीट झाली नाही, हा पहिला मुद्दा. गुडघ्यात काहीतरी बोचते आहे, ते वाढले तर महिनाभर बसावे लागेल, हा दुसरा. उद्या अधिक धावून आजची उणीव भरून काढता येईल, तेव्हा आजचे काम तहकूब करावे, ही तिसरी विनंती, आणि ती सर्वांत मोहक. यातला प्रत्येक युक्तिवाद स्वतंत्रपणे घेतला तर खोटा नसतो. त्यात थोडेसे सत्य असते म्हणूनच तो प्रभावी ठरतो. कचेरीच्या कामाने डोके शिणलेले असताना संध्याकाळची धाव जड जाते हा माझा जुना अनुभव आहे, आणि त्याला शास्त्राचा दुजोरा आहे हे कळल्यावर मला समाधान वाटले. २००९ साली वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा व्यक्तींवर एक प्रयोग केला. नव्वद मिनिटे मन एकाग्र ठेवावे लागेल असे काम त्यांना दिले आणि मग ताकद संपेपर्यंत सायकल चालविण्यास सांगितले; दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ त्यांना स्वस्थपणे माहितीपट पाहू दिले आणि पुन्हा सायकल चालवून घेतली. मन शिणलेले असताना त्यांनी सुमारे पंधरा टक्के आधीच हार मानली, आणि विशेष असे की हृदय आणि फुप्फुसे या दोन्ही दिवशी सारखेच काम करीत होती. फरक पडला होता तो श्रम किती वाटतात या जाणिवेत. शरीर अजून देऊ शकत असते आणि मनाला ते जड वाटत असते. या दोहोंमधल्या अवकाशात अवघड धाव घडते.

अर्थात शरीराची प्रत्येक तक्रार मनाचा खेळ आहे असे मानणे घातक होय. छातीत कळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाच सांध्यात पावलागणिक वाढत जाणारी वेदना, यांपुढे थांबावे आणि वैद्याकडे जावे, त्यात पराक्रमाचा प्रश्न नाही. ऋतूचेही तसेच. चैत्र-वैशाखात कोल्हापूरची हवा तापते तेव्हा पहिले काही दिवस नेहमीचा रस्ता दुप्पट वाटतो. परंतु उष्णतेत रोज थोडे धावत राहिल्यास दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, हृदयावरचा भार उतरतो, आणि तोच रस्ता पुन्हा आपल्या आवाक्यात येतो. पहिल्या चार दिवसांच्या अनुभवावरून जो स्वतःविषयी निर्णय देऊन मोकळा होतो त्याला हा पंधरावा दिवस कधी दिसत नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे लोक म्हणतात, आता गारवा आला, आता पळायला मजा. वस्तुतः आर्द्रता इतकी वाढलेली असते की घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीराला थंड करीत नाही. तापमान उतरलेले असूनही जूनमधली धाव जड का जाते हे समजल्यावर निदान स्वतःला दोष देणे तरी थांबते. कष्टाचे कारण कळल्याने कष्ट कमी होत नाहीत, पण त्यांतली भीती जाते.

माझे बालपण एका तालमीच्या शेजारी गेले. पहाटे आमच्या घरात कोणी जागे होण्यापूर्वी भिंतीपलीकडून जोर मारणाऱ्यांचे श्वास ऐकू येत, एका लयीत, एकाच वेळी वीस-पंचवीस जणांचे. मग बैठकांचा आवाज, मग हौद्यात माती उकरण्याचा. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, काव घालून ती मळलेली असे आणि तिचा एक थंड, आंबूस वास आमच्या परसापर्यंत येई. मारुतीच्या मूर्तीला नमस्कार करून मुले हौद्यात उतरत. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी येथल्या तालमींत आजही आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येऊन राहतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, घरून आलेले तूप-बदाम खुराकाला जपून वापरतात आणि वस्तादांच्या नजरेखाली वर्षानुवर्षे घालवतात. त्यांतली किती जण खासबागेत मोठ्या कुस्तीला उभी राहतात? किती जणांच्या खांद्यावर गदा येते? फार थोड्यांच्या. उरलेले गावच्या जत्रेतल्या कुस्त्या करतात, पुढे शेती धरतात, कोणी साखर कारखान्यात लागतात, कोणी रिक्षा चालवितात, आणि त्यांची नावे कोठेही लिहिली जात नाहीत. गावाच्या कीर्तीचा सारा भार मात्र या नाव नसलेल्यांच्या पहाटांनी तोलून धरलेला आहे. ज्या मल्लाला आपण डोक्यावर घेतो त्याला रोज लढत द्यायला तालमीत ही इतर मुले नसती तर तो मल्ल झाला नसता. म्हणून खासबागेइतकाच मला तो अंधारातला श्वासांचा आवाज कोल्हापूरचा वाटतो, आणि हौशी धावणाऱ्याने या शहरापासून काही घ्यावयाचे असेल तर ते तेथूनच घ्यावे.

तालमीत या साऱ्या प्रकाराला मेहनत म्हणतात, आणि मेहनत हा रोजच्या शिरस्त्याचा भाग असतो. आज हुरूप आहे का, असे वस्ताद पोराला विचारीत नाहीत. हुरूप असेल तर उत्तम. नसेल तरी लंगोट कसावा आणि हौद्यात उतरावे. मी अनेक वर्षे उलट समजत होतो की आधी प्रेरणा यावी आणि मग पाय हलावेत. एका पावसाळी पहाटे, अत्यंत वाईट अशी एक फेरी संपवून, मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबलो होतो. तेथे समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात आणि पहाटेपासून गिऱ्हाइकांची वर्दळ असते. आमच्या पेठेतले एक वृद्ध वस्ताद नेहमीप्रमाणे पेला हातात धरून उभे होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, “काय सर, आज लई दमलासा?” मी म्हणालो, “आज मन लागत नव्हतं, वस्ताद. कसंबसं ओढत आणलं अंगाला.” त्यांनी दुधाचा घोट घेतला आणि विचारले, “पर खाडा पडला न्हाई न्हवं?” मी मान हलवली. “मग झालं तर,” म्हणून ते आपल्या कामाला लागले. त्यांच्या दृष्टीने चर्चेचा विषय तेथे संपला होता. त्या मेहनतीचा दर्जा काय, वेग किती, मनाची अवस्था कशी, यांपैकी कशाचीही चौकशी त्यांना आवश्यक वाटली नाही. मला त्या प्रश्नात जेवढा धीर सापडला तेवढा कोणत्याही उत्साहवर्धक व्याख्यानात सापडला नव्हता. वाईट धाव आणि चांगली धाव हे भेद मी केले होते. हजेरीच्या वहीत दोन्ही एकाच ओळीत बसतात.

याच संदर्भात मला बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची आठवण येते, आणि त्यांचे नाव आपल्या भागात जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही याची खंत वाटते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित असताना त्यांनी असे पाहिले की लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी पुष्कळशी माणसे शेतकरी वर्गातली आहेत, अनवाणी धावत आहेत, शास्त्रशुद्ध शिक्षण असे त्यांना काही मिळालेले नाही, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत. त्या निरीक्षणातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठविण्याची खटपट सुरू झाली आणि चौगुले मॅरेथॉनसाठी समुद्रापलीकडे गेले. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तोवर कायम ठरलेले नव्हते. अँटवर्पची शर्यत त्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरची होती, आणि ऑलिंपिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन दोन तास बत्तीस मिनिटांच्या वर काही सेकंदांत पहिले आले. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत पोहोचले, क्रमांक एकोणिसावा. त्यांच्यासमवेत गेलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

एकोणिसावा क्रमांक! पदकाच्या हिशेबात या आकड्याला किंमत नाही. परंतु विजेता केव्हाच पोहोचला आहे, त्याच्यामागून एकामागून एक कितीतरी जण पोहोचत आहेत, भोवतालची भाषा परकी आहे, हवा परकी आहे, घर हजारो मैल दूर आहे, आणि आता पहिल्या तिघांत येण्याचा संभव उरलेला नाही हे कळल्यानंतरही त्या अखेरच्या दहा-बारा किलोमीटरांत तो बेळगावचा मनुष्य पाऊल टाकीत राहिला, ही गोष्ट मला विलक्षण मोठी वाटते. तीस किलोमीटरच्या सुमारास स्नायूंतील साखरेचा साठा रिता होऊ लागतो आणि मग जे उरते ते फार कठीण असते, हे दीर्घ पल्ल्याच्या प्रत्येक धावणाऱ्याला ठाऊक आहे. मी दातारांनाही त्याच आदराने स्मरतो. त्या रस्त्यावर उभे राहण्यासाठी जे लागते ते त्यांच्यापाशी होते, आणि एका दिवसाच्या अपयशाने ते नाहीसे होत नाही.

आता रस्त्यांविषयी थोडे, कारण माझ्या मते अवघड धावेत निम्मे काम रस्ता करतो आणि रस्त्याची निवड आपल्या हाती असते. रंकाळ्याची फेरी सुंदर आहे. राजघाटाशी सुरुवात करावी, पाण्यावरचे धुके, संध्यामठाचे काळे दगड, शालिनी पॅलेसची मनोऱ्याची आकृती असे एकेक पाहत जावे आणि पुन्हा राजघाटाशी यावे. एवढ्या भाग्याची पहाट फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे. परंतु मन कच्चे असेल त्या दिवशी ही फेरी धोक्याची आहे. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की घराची वाट समोर उभी राहते, आणि प्रत्येक वेळी नव्याने निश्चय करावा लागतो. निश्चय ही शक्ती अमर्याद नसते. ती वारंवार खर्चावी लागली तर संपते, असा माझा अनुभव आहे. म्हणून अशा दिवशी मी शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो. रजपूतवाडी मागे पडते, केर्लीला ज्योतिबाच्या डोंगराचा फाटा दिसतो, पुढे वाघबीळचा चढ लागतो, आणि आपण जितके पुढे आलो तितके परत जाणे आहेच, हे निर्विवाद असल्यामुळे मन वाद घालणे सोडून देते. एकदाच निश्चय करावा लागतो, तोही सुरुवातीला, पाय ताजे असताना. गावापेक्षा पन्हाळा सुमारे चारशे मीटर उंच आहे आणि त्या उंचीचा मोठा भाग शेवटच्या पट्ट्यात साठवलेला आहे, हे ध्यानी ठेवून पहिले दहा किलोमीटर बोलत बोलत जावे, म्हणजे श्वासावर वाक्य पुरे होईल इतक्याच वेगाने. जो तेथे उतावळेपणा करतो त्याच्याकडून परतफेड वाघबीळला व्याजासह करून घेतली जाते.

चढावर चालावे लागले तर चालावे. “थांबला तो संपला” असे एक वाक्य आपल्याकडे भिंतींवर, सदऱ्यांवर, शुभेच्छापत्रांवर फार दिसते. ते मला मुळीच मान्य नाही. जो श्वास घेण्यापुरता थांबतो तो पुढच्या वळणावर पुन्हा धावू लागतो, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे, आणि जो थांबणे म्हणजे पराभव मानतो तो एखाद्या वाईट दिवशी घरी बसतो आणि पुढे रस्त्यावर दिसतच नाही. हौशी माणसाला अशा घोषणांनी बळ मिळत नाही, उलट लज्जा मिळते, आणि लज्जेच्या जोरावर कोणी वीस वर्षे धावलेला माझ्या पाहण्यात नाही.

पन्हाळ्याच्या त्या रस्त्यावर १६६० ची आषाढी पौर्णिमा आठवल्यावाचून कोल्हापूरच्या माणसाला राहवत नाही. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, पाऊस कोसळत होता, वाट चिखलाची आणि रानाची, अंतर साठेक किलोमीटर. शिवा काशीद यांनी आपले प्राण देऊन शत्रूला थोपविले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू व बांदल मावळे उभे राहिले. आपल्या सकाळच्या व्यायामाला त्या रात्रीची उपमा द्यावी असे मला कधी वाटत नाही. तेथे स्वराज्याचे प्राण पणाला लागले होते आणि आपल्या पणाला काहीच लागलेले नसते. परंतु त्या रात्री ज्यांनी पालखी खांद्यावर घेऊन ते अंतर धावत काटले, त्या भोयांचा विचार माझ्या मनातून जात नाही. खिंडीत लढणाऱ्यांचे स्मरण आपण योग्यच करतो. खांदा बदलीत धावणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. खांदा बदलणे, एकाचा श्वास संपत आला की दुसऱ्याने पुढे होणे, ही त्या दौडीतली युक्ती होती, आणि माणूस एकटा किती पळू शकतो याला जी मर्यादा आहे ती तिने ओलांडली. दरवर्षी पावसाळ्यात त्या मार्गाने पदभ्रमणाला शेकडो माणसे जातात, तेव्हा चिखलात घसरणाऱ्या अनोळखी माणसाला हात देणारे हात आपोआप पुढे येतात, हे त्या वाटेचेच संस्कार असावेत.

आमच्या रविवारच्या मेळ्यातही हीच रीत आहे. एसटीत चालक असलेले एक गृहस्थ, एका रुग्णालयात परिचारिका असलेली एक मुलगी, बाजार समितीत हिशेब लिहिणारे दोघे भाऊ आणि मी, अशी आमची मंडळी शिवाजी पुलापाशी जमते. कोणाची वेळ कोणी टिपून ठेवीत नाही. ती परिचारिका कधी कधी रात्रपाळी संपवून थेट येते. त्या दिवशी तिचे पाय उचलत नाहीत हे सर्वांना दिसते. “काका, तुम्ही व्हा म्होरं, मी येते मागनं,” असे ती म्हणते आणि कोणीही पुढे होत नाही. एसटीचे गृहस्थ मग घाटातल्या गाडीच्या, दरडीच्या, प्रवाशांच्या गोष्टी सांगू लागतात, आणि वाघबीळ केव्हा आले ते कळत नाही. मी मागे पडलो असताना त्यांनी माझ्यासाठीही तेच केले आहे. आपल्याकडून आज काही होणार नाही असे मला वाटते त्या दिवशी मी केवळ एवढ्याकरिता निघतो की पुलावर चौघे माझी वाट पाहत असतील. माझ्या स्वतःच्या आरोग्याविषयी कोणी दिलेली सारी कारणे त्या वेळी निरुपयोगी ठरलेली असतात.

यंदा जुलैच्या अखेरीस पंचगंगेला पाणी वाढले आणि रजपूतवाडीजवळ रस्ता बंद झाला. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्या गावात शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरानंतर तर प्रत्येक घर सकाळी उठून आधी ते पाहते. आंबेवाडी-चिखलीच्या लोकांचे स्थलांतर चालू असताना आपल्या धावण्याचा विचार मनात आणणेही अनुचित वाटते, आणि आमच्यातले बाजार समितीचे दोघे त्या दिवसांत जनावरांच्या वैरणीच्या कामाला गेले होते. असा खंड पडला की पुन्हा सुरू करणे सर्वांत कठीण असते. दोन-तीन आठवड्यांत शरीर कमावलेले बरेच गमावते, आणि पहिली धाव स्वतःच्या जुन्या वेगाशी तुलना करीत केली तर ती शेवटची ठरण्याची भीती असते. आजारातून उठलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी निम्मेच जोर मारू देतात, आणि तेही सर्वांबरोबर हौद्यात उभे करून. आम्ही तसेच ठरविले आहे. पाणी उतरले आहे, रस्त्यावरचा गाळ निघाला आहे असे कळते. या रविवारी केर्लीपर्यंतच जावयाचे, ज्योतिबाच्या फाट्यापाशी वळावयाचे आणि कोणी वाघबीळचे नाव काढावयाचे नाही; परिचारिकेची आदल्या रात्री पाळी असल्याने निघण्याची वेळ अर्धा तास पुढे केली आहे, आणि ते एसटीच्या गृहस्थांना कळविण्याचे काम माझ्याकडे आहे.